बियाण्याचा दोडका

आई सोलापुरात अंगणवाडी सेविका आहे. मी पुण्यात कोड लिहितो. शनिवारी घरी आलो की तिच्या परसबागेतलं तण माझ्या वाट्याला. 2018 पासून सप्टेंबर हा राष्ट्रीय पोषण महिना, आणि सोलापूरचा खरा पाऊसही त्याच महिन्यात. त्यामुळे जूनपासून रडतखडत उभी असलेली बाग नेमकी तेव्हाच अंगावर येते: गवार, अंबाडी, दोडका, टोमॅटो.

टोमॅटोच्या कडेने झेंडू आहे, पण शोभेसाठी नाही. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो, टोमॅटो बराचसा वाचतो. म्हणून झेंडूची रोपं टोमॅटोपेक्षा पंधराएक दिवस मोठी लावायची. फवारणी नको, भाजी तीन-चार वर्षांची पोरं खातात. हे गल्लीला कोण सांगणार? घटस्थापनेपासून फुलं मागायला रांग. आई सगळ्यांना एकच सांगते, "खंडेनवमीला या."

वेलीवर एक दोडका वाळून खडखड वाजतो. बघणाऱ्याला वाटतं, तोडायचा राहिला. तो बियाण्याचा. गेल्या वर्षी त्यातल्या चार बिया विड्या वळणाऱ्या एका बाईंनी नेल्या, पत्र्याच्या डब्यात लावल्या. त्यांची मुलगी वजनाच्या तक्त्यात खाली आहे.

"वाढलं का वजन?" मी विचारलं.

"दोडक्यानं वजन वाढत नसतंय. अंडं, डाळ, शेंगदाणे लागतात," आई म्हणाली.

परवा त्या बाई दोन कोवळे दोडके घेऊन आल्या. आईने एक ठेवून घेतला, एक परत दिला.