पटाशीचा दात आणि पेलाभर दूध

ओहोटी लागली की मांडवीच्या काळ्या वाळूत पोरांचं क्रिकेट रंगतं आणि मोठी माणसं भेळ घेऊन जेटीवर वारा खात बसतात. मीही तशीच बसले होते. जेटीवर धावणारा एक नऊ वर्षांचा मुलगा पाय घसरून तोंडावर आपटला. वरचा ओठ फाटला, एका पटाशीच्या दाताचा कोपरा उडाला आणि शेजारचा दात मुळासकट बाहेर पडला.

दात एका कॉलेजच्या पोराला सापडला. आई तो ओढणीनं पुसणार, तेवढ्यात मी थांबवलं. दातांचा दवाखाना चालवत असल्यामुळे मला त्या मुळाची किंमत ठाऊक होती. मुळाला चिकटलेल्या पातळ पडद्यात जिवंत पेशी असतात. घासलं की त्या निघतात, कोरड्या पडल्या की मरतात, आणि तासाभरानंतर फारशी आशा उरत नाही. एरवी दात मी तिथंच खोबणीत बसवला असता. पण मुलगा गुंगीत होता. दात सुटून श्वासनलिकेत जाण्याची भीती होती. चहाच्या टपरीवाल्यानं न विचारता दुधाची थंड पिशवी फोडून पेला पुढे केला.

रिक्षातूनच मी सरकारी रुग्णालयात फोन लावला. अपघात विभागातल्या डॉक्टरांनी बाहुल्या, मान, जबड्याचा सांधा सगळं तपासलं आणि डोकं ठीक असल्याची खात्री होईपर्यंत मला तोंडाला हात लावू दिला नाही. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, तरी क्रम त्यांचाच बरोबर होता. सिस्टर ओठाला टाके घालायची तयारी करत होत्या. "आधी ओठाचा एक्स-रे काढू," मी म्हटलं. तंत्रज्ञानं लगेच काढला. उडालेला कोपरा ओठातच रुतला होता! तसेच टाके पडले असते तर आत पू झाला असता.

मग हिरडी बधिर करून दात बसवला. कोल्हापूरच्या बालदंततज्ज्ञ मैत्रिणीला फोटो पाठवले. ती म्हणाली, "मुळाचं टोक अजून उघडं आहे, रूट कॅनालची घाई नको. रक्तपुरवठा परत येऊ शकतो. बारीक, लवचिक तारेनं दोनच आठवडे बांध." बालरोगतज्ज्ञांनी वजनानुसार अँटिबायोटिक दिलं, धनुर्वाताच्या लसीची नोंद तपासली. आईनं दोन आठवडे पेज आणि मऊ भात सांभाळला, खेळाच्या सरांनी त्याला मैदानाबाहेर ठेवलं.

आज दात जागेवर आहे. मूळ झिजतं का, हे पाहायला निदान पाच वर्षं तपासण्या चालतील. मी एकटी असते तर ओठातला तुकडा सापडलाही असता, पण डोक्याची तपासणी नक्कीच मागे पडली असती.

शाळेतल्या शिक्षकांना आणि पालकांना माझं एवढंच सांगणं: मूल शुद्धीत असेल आणि पडलेला दात पक्का असेल, तर तो पांढऱ्या भागाला धरा, मळला असल्यास वाहत्या थंड पाण्याखाली काही सेकंद धुवा आणि खोबणीत परत बसवा. जमत नसेल तर थंड दुधात ठेवून थेट दवाखाना गाठा. दुधाचा दात मात्र परत बसवू नका. खाली घडत असलेल्या पक्क्या दाताला इजा होते. आणि डोक्याला मार लागला असेल, तर आधी डोकं, मग दात.