गब्बर मेला, मग?

व्हिलन मरायलाच हवा, नाहीतर तिकिटाचे पैसे वसूल होत नाहीत, हे आमच्या सातपूरच्या कामगार वसाहतीतलं साधं गणित. म्हणूनच १९७५च्या 'शोले'चा शेवट मला कायम खटकायचा. ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर नुसताच तुरुंगात! मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या बुटांनी त्याला मारतो. आणीबाणीतल्या सेन्सॉरने तो बदलायला लावला. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यायचा नाही म्हणे.

२०२५ मध्ये मूळ शेवट थिएटरात लागला. गब्बर मेला, पण शिट्टी काही निघेना. कारण मारून झाल्यावर ठाकूर ढसाढसा रडतो. घर तसंच रिकामं! गब्बरच्या मरणापेक्षा ते रडणंच डोक्यात बसलंय बघा.