लुंबिनीचा खांब

सुनौलीची कमान ओलांडून नेपाळात शिरलं की घड्याळ १५ मिनिटं पुढे करायचं. आपल्याला पासपोर्ट-व्हिसा लागत नाही, ओळखपत्र पुरतं. पण गाडीचा ‘भन्सार’, म्हणजे जकात, भरावीच लागते. ड्रायव्हर पावती आणेपर्यंत बायाबापड्या शिदोऱ्या सोडतात. मग भैरहवा, आणि तिथून थोड्याच वेळात लुंबिनी. गाइडने आधीच बजावलेलं असतं : दीड तास, मग परत गोरखपूर.

त्या दीड तासात भेटायचं ते या अशोकस्तंभाला. मायादेवी मंदिराच्या पश्चिमेला, कठड्याच्या आत हा उभा आहे. सारनाथसारखे सिंह याच्या माथ्यावर नाहीत. कधीकाळी घोडा होता. तो वीज पडून मोडल्याचं सातव्या शतकात आलेल्या ह्युएनत्संगाने लिहून ठेवलं आहे. आता अंगाला लोखंडी पट्टे आवळलेले, जखम बांधून घेतलेल्या म्हाताऱ्यासारखे.

बोलतो फार थोडं. अशोकाचे बाकीचे लेख कितीतरी उपदेश करतात. हा पाचच ओळींत थांबतो. राज्याभिषेकाला २० वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, त्याने पूजा केली, कारण शाक्यमुनी बुद्ध इथे जन्मले. आणि भगवंतांचा जन्म इथला, म्हणून लुंबिनी गावाचा ‘बळी’ हा कर माफ, पिकातला राजाचा वाटाही फक्त आठवा. बस. एवढ्या मोठ्या जन्माची नोंद करताना त्याच दगडावर गावच्या कुणब्याचा सारा कमी केल्याचं लिहावंसं वाटलं, म्हणून हा खांब मला साऱ्या स्तंभांत जवळचा वाटतो.

मध्ये शतकानुशतकं त्याच्याभोवती माती चढत गेली आणि ओळी खाली दबल्या. १४व्या शतकात रिपुमल्ल राजा आला, वरच्या उघड्या भागावर आपलं नाव कोरून गेला. खालचं त्याला कुठून दिसणार? १८९६ साली माती उकरली, तेव्हा अक्षरं स्वच्छ निघाली. मातीनेच ती जपली होती.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि पुढच्याच महिन्यात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. तेव्हापासून नेपाळची ही वाट आपल्याकडच्या माणसांना परकी राहिली नाही. आमच्या गाडीतही विदर्भातल्या दहा-बारा जणी होत्या, पांढऱ्या लुगड्यांत. त्यांतल्या एका आजीने कठड्याशी येऊन विचारलं, “बापू, काय म्हनते हा खांब?”

मी अर्थ सांगितला. जन्माचं ऐकताना तिने हात जोडले. कराचं ऐकल्यावर मात्र मला थांबवलं. “म्हंजे शेतसारा कमी केला?”

“हो आजी.”

“लय बेस केलं,” ती म्हणाली, आणि बाकीच्या जणींना सांगायला वळली. गाइड हाका मारत होता, तरी ती हलली नाही.

मंदिरात रांग असते, वेळ तिथेच संपतो, आणि पुष्कळ जण खांबाला लांबूनच नमस्कार करून गाडीत बसतात. तुम्ही गेलात तर तसं करू नका. आधी खांबापाशी जा. त्याच्या ओळींचा अर्थ जवळच्या पाटीवर दिला आहे. सोबतच्या म्हाताऱ्या माणसांना तो आपल्या बोलीत, सावकाश सांगा.