जिथे वाकायचं, तिथेच वाकणारा हात



रोबोट म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर चालणारा-बोलणारा यंत्रमानव उभा राहतो. पण कारखान्यात राबणाऱ्या बहुतेक रोबोटना ना डोकं, ना पाय. असतो तो नुसता एक हात. अशाच एका हाताची ही गोष्ट.

१९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा रोबोट कामाला लागला. धातूचे तापलेले भाग उचलायचं त्याचं काम. ताकदीचं काम यंत्राला जमलं. पण छोटी पिन भोकात बसवणं माणसाकडेच राहिलं. का बरं? सुईत दोरा ओवून बघा. नेम जरासा चुकला, तरी आपली बोटं आपोआप सरकतात. ताठर यंत्राला ते जमत नाही. पिन अडकते, नाहीतर वाकते.

यावर जपानमधल्या यामानाशी विद्यापीठाचे प्राध्यापक हिरोशी माकिनो यांनी उपाय काढला. १९७८ मध्ये त्यांनी ‘स्कारा’ रोबोटचा नमुना तयार केला. खांदा आणि कोपर असे दोन सांधे, दोन्ही आडवेच फिरणारे. त्यामुळे हा हात बाजूला थोडा ढिला, पण वर-खाली एकदम भक्कम. पिन किंचित चुकली तर हात बाजूला सरकतो आणि ती नीट आत बसते. अनेक कंपन्यांनी माकिनोंसोबत यावर काम केलं. १९८१ मध्ये हा रोबोट बाजारात आला. तो आणणाऱ्यांत पेन बनवणारी पेन्टेलसुद्धा होती!

वर्गात हे समजवायला दार पुरेसं आहे. एका बोटाने ढकला, दार सहज फिरतं. आता वरून दाबा. हलतं का?

हा पाठ घेताना सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, माझी आई कंपनीत स्विच जोडते. मग तिचं काम हा हात करणार का?"

वर्ग शांत झाला. ‘नाही गं’ म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण ते खरं नव्हतं. मी म्हटलं, "एकच हालचाल दिवसभर करायची असेल, तर ती यंत्राकडे जाऊ शकते. पण बोट कुठे दाबायचं, कुठे सैल सोडायचं, हे तुझ्या आईला कळतं ना? तेच यंत्राला जमावं म्हणून एका प्राध्यापकांना एवढं डोकं चालवावं लागलं."

पालकहो, मुलांना रोबोटची भीती घालू नका आणि खोटा धीरही देऊ नका. त्यापेक्षा त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर द्या. बंद पडलेलं घड्याळ खोलू द्या. यंत्र चालवणारा, लावणारा, दुरुस्त करणारा माणूस लागतोच, आणि त्याची सुरुवात अशीच होते. मग तुम्हीही विचारा, "यातला कुठला भाग हलतो, आणि कुठला मुद्दाम हलू दिलेला नाही?"