टिचबटणाखालची फळी

कोव्हेंट्री

चि. निखिल,


१९५७ची एमजीए घरात आली आणि तू पहिला प्रश्न विचारलास तो गालिच्याच्या टिचबटणांचा! माझा भाचा शोभतोस. विकणारा म्हणतो तशी ती खरंच कारखान्यातली आहेत का, हे फोटोवरून मी सांगणार नाही. कसं बघायचं ते लिहिते.

१९५५ ते १९६२ या काळात ॲबिंग्डनच्या एमजी कारखान्यात लाखाहून थोड्या जास्त एमजीए तयार झाल्या. त्यातल्या सहा हजारसुद्धा ब्रिटनमध्ये खपल्या नाहीत. बहुतेक अमेरिकेला गेल्या. आज इथे दिसणाऱ्या कितीतरी गाड्या तिकडून परत आणलेल्या आहेत. तेव्हा मधे कुणाकुणाचे हात लागलेत, देव जाणे.

गालिच्याचा कोपरा धरून सरळ वर ओढ. टच् करून सुटला तर साधं टिचबटण. तीन बाजूंनी अडून बसलं आणि एकाच बाजूने उचलल्यावर सुटलं, तर ते ‘लिफ्ट द डॉट’. त्याची जागा टपाच्या आणि बैठकींवर ताणायच्या टोनो कव्हरच्या कापडावर. पायाखाली ते दिसलं तर समजायचं, कुणीतरी हाताला लागेल ते ठोकून मोकळा झाला.

आता गालिचा उलटा कर. वरच्या अंगाला पोकळ कडं असतं, मधून लोकर दिसते. कड्याचे दात गालिच्यातून आरपार जाऊन खालच्या वाटीवर दुमडलेले असतात. हे दात एकदाच नीट दुमडतात. पुन्हा उघडले की तुटतात, नाहीतर पक्कडीचे ओरखडे राहतात. तिथे भिंग लावून बघ. लोहचुंबकही फिरव. पितळेवर निकेलचा मुलामा असेल तर ओढ जेमतेम जाणवेल, लोखंड असेल तर टपकन चिकटेल. पण तेवढ्यावर निकाल देऊ नकोस, कारण आजची नवी बटणंही पितळेची मिळतात.

माझा भरवसा बटणापेक्षा फळीवर जास्त. नंतरच्या एमजीबीचा तळ पत्र्याचा, एमजीएचा मात्र प्लायवुडचा, त्यामुळे बटणाची खालची खुंटी लाकडात जाणाऱ्या स्क्रूने बसते. स्क्रूचं डोकं पुसून बघ. फुलीच्या चार हातांमध्ये बारीक तिरप्या रेघा असतील तर तो पोझिड्रिव्ह, म्हणजे साठच्या दशकातला किंवा त्यानंतरचा. १९५७च्या गाडीत तो नंतरच आला. मग खुंटी काढ. खाली तिच्याच मापाचं गोल, फिकट वर्तुळ आणि एकच भोक, तर ती बरीच वर्षं तिथेच आहे. शेजारी जुनं, काळं पडलेलं दुसरं भोक सापडलं तर मूळ जागा बहुधा तीच. फळीच नवी असेल तर मात्र हा पुरावा गेला. मग जुन्या गालिच्यावरचे दातांचे ठसे तेवढे उरतात.

म्हणून नवा संच मागवण्याआधी जुना फाटका गालिचा फेकू नकोस. प्रत्येक तुकडा तपकिरी कागदावर ठेवून कडा आणि भोकं गिरव, डावं-उजवं लिही आणि कागद मला पाठव. गिअरबॉक्सच्या बोगद्यावरचा तुकडा चिकटवलेला असेल तर ओढू नकोस, तो मी आले की बघू.

आईला सांग, गॅरेजमधला वास पावसाळी फळीचा आहे, उंदराचा नाही.

तुझी,
आत्या