मळ्यातील थोरले भाऊ

एकत्र कुटुंबाच्या गुणदोषांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, व त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. परंतु ज्यांना कुटुंब करण्याचीच मुभा नव्हती अशा काही माणसांची हकीकत अलीकडे माझ्या वाचनात आली, आणि घरात माणसांचा राबता असला की ती हटकून आठवते.

ही माणसे म्हणजे कॅलिफोर्नियातील फिलिपिनो शेतमजूर. फिलिपाइन्स बेटांवर अमेरिकेची सत्ता होती, त्या काळी, १९२० नंतरच्या दशकात, हजारो तरुण तिकडे गेले. चार पैसे गाठीला बांधून परत यावे व घर मांडावे, एवढीच बहुतेकांची आकांक्षा. पण मजुरी इतकी तुटपुंजी, की परतीचे भाडेही साठेना. पुढे १९३३ साली कॅलिफोर्नियाने आपल्या विवाहविषयक कायद्यात दुरुस्ती करून फिलिपिनो पुरुषाने गोऱ्या स्त्रीशी विवाह करणे निषिद्ध ठरविले. आणि १९३४ च्या कायद्याने त्या देशातून येणाऱ्यांची मर्यादा वर्षाला अवघी ५० केली. म्हणजे मायदेशाहून वधू आणणे दुरापास्त, आणि आहे तेथे लग्न करावे तर कायदा आडवा! ती विवाहबंदी तेथील न्यायालयाने १९४८ साली रद्द ठरविली, तोवर कित्येकांची उमर उलटून गेली होती. मजुरांच्या बराकीतील एक खाट व एक ट्रंक, एवढाच त्यांचा संसार. इलोकानो भाषेत थोरल्या भावाला ‘मनोंग’ म्हणतात, व पुढच्या पिढीने ह्या एकाकी वृद्धांना तेच नाव दिले. परक्यालाही दादा-काका म्हणून नात्यात ओढून घेण्याची रीत केवळ आपलीच नव्हे, हे वाचून बरे वाटले.

ह्या मनोंगांनी ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानो गावच्या द्राक्षमळ्यांत काम थांबविले. मागणी ताशी १ डॉलर ४० सेंट मजुरीची. पुढारी लॅरी इटलिओंग. १९२९ साली पंधराव्या वर्षी आलेला हा गृहस्थ काम करता करता एका हाताची तीन बोटे गमावून बसला होता. मळेवाल्यांची जुनी युक्ती अशी, की फिलिपिनोंनी संप केला की मेक्सिकन मजूर आणावयाचे, व मेक्सिकनांनी केला की फिलिपिनो. भाऊबंदकीत तिसऱ्याचे कसे फावते, हे आपल्यासारख्या वाटण्या पाहिलेल्या घरांना कोणी शिकवावयास नको. म्हणून इटलिओंग मेक्सिकनांकडे गेला. १६ सप्टेंबरला तेथील चर्चच्या सभागृहात मेक्सिकन कुटुंबांनी एकमुखाने संपात उतरण्याचे ठरविले.

हे आठ दिवसांत घडले असे मात्र नव्हे. सेझर चावेझ व डोलोरेस वेर्ता ह्यांनी १९६२ पासून घरोघर हिंडून ती संघटना बांधली होती. फ्रेड रॉस नावाच्या कार्यकर्त्याकडून ते जी पद्धत शिकले, ती मला सर्वांत मनोवेधक वाटते. सभा नाही, व्यासपीठ नाही. एका कुटुंबाने चार शेजाऱ्यांना आपल्या घरी बोलवावयाचे. आलेल्याने भाषण न करता आधी ऐकावयाचे. आणि उठण्यापूर्वी त्यांच्यापैकी कोणी तरी पुढची बैठक आपल्या घरी ठरवावयाची. मरणाच्या वेळी खर्चाला मदत, अडीनडीला अल्प व्याजाचे कर्ज, अशा घरगुती गोष्टींपासून आरंभ. आमच्याकडील हळदीकुंकवाला व भिशीला ह्याहून निराळे काय लागते? फिलिपिनो मंडळींच्या सभागृहात मग दोन्ही समाजांचे स्वयंपाकघर एक झाले. एका पंगतीला बसलेल्यांत फूट पाडणे कठीण जाते.

१९३५ च्या कायद्याने अमेरिकेतील कामगारांना संघटनेचे हक्क दिले, पण त्यातून शेतमजूर व घरकाम करणारे, दोघांनाही वगळले होते. मौज अशी, की पुढे १९४७ साली दुकानांवरील बहिष्काराला जी बंदी आली, तीही त्यामुळे ह्या मजुरांना लागू पडेना. हे संपकरी मोठमोठ्या शहरांत गेले आणि गृहिणींना म्हणाले, द्राक्षे घेऊ नका. १९०५ साली परदेशी साखर व कापड वर्ज्य करणाऱ्या आपल्या आजी-पणजींना हे शस्त्र ठाऊकच होते. लक्षावधी घरांनी द्राक्षे सोडली, आणि जुलै १९७० मध्ये डेलानोच्या मळेवाल्यांनी करारांवर सह्या केल्या.

आमचे मोठे भाऊजी हे ऐकून म्हणाले, “ते आपखुशीने परमुलखात गेले. तेथे हक्क कसले मागावयाचे? आणि आपली मुले शिकून, स्वतःच्या गुणांवर गेली आहेत. त्यांचा ह्याच्याशी काय संबंध?”

भाऊजींचा चिरंजीव वीस वर्षे कॅलिफोर्नियात आहे, त्यामुळे मी उत्तर सौम्यपणे दिले, पण दिले. १९४६ च्या एकाच कायद्याने भारतीयांना व फिलिपिनोंना तेथे नागरिक होण्याचा अधिकार मिळाला, वर्षाला शंभर-शंभर माणसांच्या प्रवेशासह. त्यापूर्वी पदवी घेऊन गेलेला हिंदी माणूसही कायद्याच्या लेखी ह्या मनोंगांच्याच रांगेत उभा होता. आणि आपल्या इंजिनिअरांना दार उघडणारा कायदा ३ ऑक्टोबर १९६५ चा. डेलानोचा संप तेव्हा चौथ्या आठवड्यात होता. शिकलेल्याला मान आणि राबणाऱ्याला मुभा नाही, असे म्हणणाऱ्या देशात आपला मुलगाही उद्या नकोसा होऊ शकतो. भाऊजी गप्प राहिले. पटले की नाही, कोण जाणे.

एक गोष्ट मला खटकते. दोन्ही संघटना १९६६ साली एक झाल्या, तीत मेक्सिकनांची संख्या अधिक, आणि संपाला आरंभ करणारे फिलिपिनो हळूहळू मागे पडले. इटलिओंग १९७१ साली बाहेर पडला व १९७७ साली वारला. शाळांतील अभ्यासक्रमात फिलिपिनो मजुरांच्या कार्याचा समावेश व्हावा, असा कायदा कॅलिफोर्नियाला २०१३ साली करावा लागला.

संपाच्या पहाऱ्यावर असताना आग्बयानी नावाचा एक मनोंग हृदयविकाराने गेला होता. त्याच्या नावाने १९७४ साली डेलानोला वृद्ध मजुरांसाठी एक वसाहत उभी राहिली. निरनिराळ्या ठिकाणच्या स्वयंसेवकांनी ती बांधली. बराकीत आयुष्य काढलेल्या त्या म्हाताऱ्यांना तेथे स्वतंत्र खोली मिळाली. कित्येक जण मात्र तोवर हयात नव्हते.