रिकामं आहे, म्हणजे?

पिस्तूल नेमबाजीचा बराचसा सराव गोळीशिवाय होतो, हे सांगितलं की लोकांना पटत नाही. त्यांच्या डोक्यात सिनेमातला धडाका असतो. प्रत्यक्षात एखादी मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी राहते, हात वर करते, आठ-दहा सेकंदांनी फक्त 'टक्' आवाज येतो आणि हात खाली येतो. असं साठ वेळा. बघणारा तिसऱ्या मिनिटाला मोबाइल काढतो.

याला आम्ही 'ड्राय' म्हणतो. खरी गोळी मारताना आवाज आणि धक्का येणार हे हाताला आधीच ठाऊक असतं. त्यामुळे तो चाप सुटायच्या किंचित आधी खाली दबतो. धक्क्याच्या गोंधळात हे दबणं डोळ्याला दिसत नाही. गोळी नसेल तर दिसतं: चाप सुटला त्या क्षणी पुढची साइट मागच्या खाचेत सरळ राहिली की बुडली, हे लख्ख कळतं. माझ्या प्रकारात, म्हणजे २५ मीटर पिस्तुलात, दोन साइट्समधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असतं. एवढ्या अंतरात १ मिलिमीटर चूक झाली तर २५ मीटरवर तिचे साधारण ११ सेंटिमीटर होतात. दहा गुणांचं वर्तुळ ५ सेंटिमीटर व्यासाचं आहे. हिशोब तुम्हीच करा. शिवाय चाप किमान १ किलो वजनाचा असावा असा नियम आहे आणि पिस्तूल एकाच हातात धरायचं. एक किलो ओढायचा, पण हललेलं चालणार नाही. हे हाताला शिकवायला हजारो 'टक्' लागतात, आणि परदेशी मॅच ग्रेडची एक गोळी कटिंग चहाहून महाग पडते.

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. वर्षातले दोन-तीन महिने उमरखेडला राहून घरूनच लॉगिन करते. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, पण अगदी टोकाचं. आम्हाला जिल्ह्याच्या गावापेक्षा नांदेड जवळ. कापूस, सोयाबीन, हळद, ऊस, आणि पलीकडे पैनगंगेचं जंगल. २५ मीटरची रेंज इथे नाही. १ ऑगस्ट २०२४ला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या दिवसापासून गल्लीतले लोक मला "तुमचं ते स्वप्नीलवालं" असं विचारायला लागले. तो रायफल मारतो, मी पिस्तूल. पण काडतूस दोघांचं एकच, .२२. त्यामुळे मीही दुरुस्ती करणं सोडून दिलंय.

गावी असताना ड्राय हाच सराव. आणि इथेच .२२ची मेख आहे.

मोठ्या काडतुसांमध्ये ठिणगी पाडणारी दारू बुडाच्या मधोमध एका टोपीत असते. फायरिंग पिन तिथे आपटते. .२२ रिमफायर असतं. त्यात ही दारू काडतुसाच्या बुडाच्या दुमडलेल्या कडेत भरलेली असते. पिन कडेवर आपटते आणि ती कड पिन व चेंबरचा काठ यांच्यामध्ये चिरडली जाते. रचना जुनी आहे. आज वापरतो ते.२२ लाँग रायफल काडतूस १८८७पासूनचं. स्वस्त आणि सोपी, पण मधलं काडतूस काढून टाकलं की पिनला आपटायला उरतो तो चेंबरचा पोलादी काठ. काही पिस्तुलांत पिन तिथवर पोचतच नाही, काहींना ड्रायसाठी वेगळी सोय असते. पण ज्यांना नाही, त्यांच्यात रोज साठ वेळा लोखंडावर लोखंड. काठाला खाच पडते, बारीक बुर येते, मग काडतूस नीट बसत नाही, नीट निघत नाही, नाहीतर पिनचं टोक तुटतं. माझ्या पिस्तुलाच्या मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरांत आहे: रिकाम्या चेंबरवर चाप ओढू नका. मॅन्युअल वाचणं हा आमच्या धंद्यातला चेष्टेचा विषय आहे, पण इथे आधी ते वाचायचं.

यावर जगभरातले नेमबाज एक गमतीदार उपाय करतात: भिंतीत स्क्रू बसवण्याआधी ठोकतात ती प्लास्टिकची गिट्टी. योग्य मापाची निवडली तर ती चेंबरमध्ये सैल बसते, तिची कड मागे राहते आणि पिन प्लास्टिकवर आपटते. .२२चं काडतूस ५.७ मिलिमीटर जाडीचं असतं. मी व्हर्निअर घेऊन उमरखेडच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि गिट्ट्या मोजत बसले. दुकानदारानं विचारलं, "ताई, भिंतीत काय लावायचंय?" मी म्हटलं, काहीच नाही. त्यानं शंभराचं पाकीट पुढे सरकवलं. पिस्तूल माप घ्यायला दुकानात न्यायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको. पिवळ्याच घेतल्या. गिट्टीवर पिनचा खड्डा पडतो, म्हणून थोड्या थोड्या वेळानं फिरवायची, खराब झाली की फेकायची. स्लाइड मागे ओढताना कधी ती उडून पलंगाखाली जाते. मग मी पलंगाखाली.

वापरलेलं रिकामं काडतूस घालूनही चालतं, काही जण घालतात. मला ते अजिबात पटत नाही. पितळेचं बूड मागून बघितलं तर रिकामं आणि भरलेलं जवळपास सारखंच दिसतं. पिवळ्या प्लास्टिकला कोणी गोळी म्हणणार नाही.

म्हणजे पिस्तूल सुरक्षित झालं. घराचं काय?

माझं पिस्तूल परवान्यावरचं आहे. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. माझं महाराष्ट्रभर आहे, म्हणून ते गावी आणता येतं. पण पहिल्यांदा आणलं तेव्हा आई दारातच उभी राहिली. "काऊन आणलंस ग माय हे घरात?"

मी म्हटलं, रिकामं आहे.

हे वाक्य तिच्यासमोर म्हणजे आगीत तेल. तिचं माहेर पैनगंगेच्या काठावरचं. रानडुकरं आणि रोही पीक तुडवतात म्हणून तिच्या चुलत्यांकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावरची भरमार होती, तोंडाकडून दारू ठासायची ती. आई नऊ वर्षांची असताना चुलत्यांनी ती खुंटीवरून काढली आणि पुसायला अण्णामामाच्या हातात दिली. "घे, रिकामीच हाय." मामा तेव्हा पंधरा वर्षांचा. त्याची डाव्या हाताची दोन बोटं गेली. आई ओसरीवर होती. तिला आवाज आठवत नाही, म्हणते. चुलते नंतर कितीतरी वेळ तेच वाक्य बोलत राहिले, ते आठवतं.

तर या बाईला मी मॅगझिन, स्लाइड आणि सेफ्टी समजावणार होते. मी समजावलंही. सगळ्या गोळ्या पुण्यात, पाचशेच्या वर किलोमीटर लांब, कुलपात आहेत हेही सांगितलं. तिनं शांतपणे विचारलं, "कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. माझं सगळं बोलणं माझ्यावरच्या विश्वासावर उभं होतं, आणि ज्या चुलत्यांवर घरानं विश्वास ठेवला तेही खोटं बोलत नव्हते. आमच्या ऑफिसात मी लिहिलेला कोड मीच तपासून चढवला तर टीम लीड झोपू देत नाही. तपासणारा दुसरा लागतो, आणि तो मला फार मानणारा नसला तर उत्तम.

उत्तर माझ्या पेटीतच होतं. स्पर्धेत पिस्तूल पेटीतून काढलं की त्यात भडक रंगाचा सेफ्टी फ्लॅग असावा लागतो, चेंबर रिकामं असल्याचं सगळ्यांना दिसावं म्हणून. बरेच नेमबाज त्यासाठी नळीच्या लांबीपेक्षा जास्त लांब नायलॉनची दोरी वापरतात. एक टोक नळीच्या तोंडातून बाहेर, दुसरं चेंबरमधून बाहेर. मध्ये गोळी असेल तर दोरी जाणारच नाही. यात कोणावर विश्वास ठेवायचा प्रश्नच येत नाही. बंदुकीतलं काही न कळणाऱ्यालाही दोरीची दोन टोकं मोजता येतात.

आईनं मोजली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागच्या खोलीत. आणि मी असताना."

तेव्हापासून आमचा क्रम ठरलाय. मागच्या खोलीची भिंत जुनी दगडी, हातभर जाड. पलीकडे परस, आणि परसाचं दार आतून लावलेलं. रिकाम्या पिस्तुलालाही मागे भिंत हवीच, कारण .२२ची इवलीशी गोळी दीड किलोमीटर जाऊ शकते. खिडकी बंद, फोन दुसऱ्या खोलीत. मी मॅगझिन काढून ओट्यावर ठेवते, स्लाइड मागे अडकवते, आई दोरीची दोन्ही टोकं बघते. मग दोरी काढून गिट्टी, तीही तिला पिवळी दिसली पाहिजे. भिंतीवर टार्गेट लावत नाही. कोरा पांढरा कागद. काळा गोल दिसला की डोळा साइट सोडून तिकडे पळतो, आणि शिकायचं आहे ते साइट बघायला.

वीस मिनिटं. जास्त केलं तर हात थकतो आणि चुकीचंच शिकतो. जाणकार सांगतात की अपघात बऱ्याचदा सराव संपल्यावर होतात: आवरलं, पिस्तूल पुन्हा भरून ठेवलं, आणि मग "एक शेवटचा" म्हणून चाप ओढला. म्हणून मी मोठ्यानं "संपलं" म्हणते, दोरी पुन्हा आत, पेटीला कुलूप. त्यानंतर आई पेटीला हात लावू देत नाही. एकदा मला नऊ वाजता वाटलं की मनगटाची पकड अजून एकदा बघावी. उद्या बघ, म्हणाली.

आणि हो, याचे रील्स काढायचे नाहीत. नेमबाजाच्या हातातलं असो की नसो, पिस्तूल मिरवण्याची वस्तू नाही. पोलिसांनाही ते आवडत नाही.

दिवाळीला अण्णामामा आले. आता साठीच्या पुढचे. आईनं त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि स्वतःच सगळं सांगितलं, दोरीसकट. मामांनी पिस्तूल हातात घेतलं नाही. दोरी तेवढी घेतली, तीन बोटांत धरून ताणली. म्हणाले, "आमच्यातबी असं होतं. गज." भरमारीच्या रिकाम्या नळीत गज टाकायचा, तोंडापाशी येईल तिथे त्यावर खूण करायची. पुढे कधीही गज आत टाकला आणि खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत दारू आहे. आमच्या त्या बंदुकीच्या गजावरही खूण होती, म्हणाले. त्या दिवशी गज कोणी टाकला नव्हता.

आई हे पहिल्यांदाच ऐकत होती. ती काही बोलली नाही. मामांना चहा ठेवायला गेली, आणि मी त्या दिवशीचे साठ केले. दोरी मामांनी बघितली.

राही सरनोबतनं २२ ऑगस्ट २०१८ला पालेंबांगला आशियाई सुवर्ण जिंकलं ते याच २५ मीटर पिस्तुलात. थायलंडच्या नेमबाजाशी ३४-३४ बरोबरी, पहिला शूटऑफही बरोबरीत, दुसऱ्यात राही. प्रत्येक गोळीसाठी तीन सेकंद. तो व्हिडिओ आता आईनंही दोनदा पाहिलाय. तिचं लक्ष दुसरीकडेच असतं: "नेम नसताना सगळ्यांच्या बंदुका खाली हायत बघ."

तीन आठवडे गावी फक्त 'टक्' करून मी पुण्याला परतले आणि रेंजवर पहिल्या पाच गोळ्या मारल्या. ९, ८, १०, ९, ९. मोठं काही नाही, पण आठ डावीकडे गेला होता. खाली एकही नव्हता. संध्याकाळी आईचा फोन आला. गुण विचारले नाहीत. दोरी पेटीत आठवणीनं ठेवलीस का, एवढंच विचारलं, आणि मग हळदीच्या भावाचं सांगत बसली.